डावखुऱ्या हिरोला चार स्टार

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

लहानपणीच्या वसाहतीतल्या लोकांचा आमचा एक ग्रुप आहे. तिथे अविनाश, म्हणजे तेव्हाच्या मोठ्या साहेबांचा मुलगा, रोज नव्या सिरीजना स्टार वाटत असतो. दोन भाग बघतो आणि मत दहा भागांवर देतो. आज त्याने विचारलं, वसाहतीत बघितलेला सगळ्यात आवडता पिक्चर कुठला?

मी एका मारामारीच्या पिक्चरला चार स्टार दिले. लिहिलं, "हिरो माझ्यासारखा डावखुरा होता."

त्याने हसरे चेहरे टाकले. "अगं, डावखुरा कसला? तू पडद्याच्या मागे बसायचीस. तुझे स्टार बाद."

ऐंशीच्या दशकात चिपळूणजवळ एका प्रकल्पाचं काम चालू होतं, त्याचीच ही वसाहत. शनिवारी संध्याकाळी मैदानात पडदा लागायचा. पुढे साहेबांच्या घरच्यांच्या खुर्च्या, पडद्याच्या मागच्या बाजूला आम्ही रोजंदारीवाल्यांची पोरं गोणपाटावर. तिथून उजवं ते डावं दिसायचं, पडद्यावरची नावंसुद्धा उलटी. मी कुरकुरले की बाबा म्हणायचे, "गप बग गो, पिक्चर येकच हाय."

शाळेत गुरुजी माझ्या डाव्या हातावर पट्टी मारायचे. त्या हिरोला बघून मी ठरवलं, हात बदलायचा नाही. आजही डाव्या हातानेच लिहिते. मग माझे स्टार बाद कसे, सांगा ना.

अविनाशला मी एवढंच विचारलं, "मी मागे बसायचे हे इतकी वर्षं लक्षात आहे तुझ्या. मग तेव्हा एकदा तरी पुढे ये म्हणालास का?"

दुपार झाली. त्याने मेसेज वाचलाय.