गुंदच्या वखारीची आगघंटा

गुंदला लाकडाची वखार झाली तेव्हा गोऱ्या ठेकेदारानं आगीच्या बंदोबस्तासाठी दोन गोष्टी ठेवल्या, एक पितळी घंटा आणि एक येसाजी. घंटा बेळगावहून मागवून वखारीबाहेर रस्त्याकडेला टांगली, येसाजी गावातच रिकामा बसलेला होता. आग दिसली की घंटा वाजवायची, एवढंच त्याचं काम. पण तेवढ्या कामासाठी नियमांची पाटी मात्र दाराएवढी. घंटा रोज चिंचेनं घासावी. आवाज गावातल्या शेवटच्या घरापर्यंत पोचावा. तपासनीस येईल तेव्हा वाजवून दाखवावी. ऐकणाऱ्यांनी पुढं काय करायचं, हे लिहायला पाटीवर जागा उरली नसावी.

आमच्या गावाला घंटा माहीत होती ती देवळातली. टांगलेली घंटा न वाजवता पुढं जाईल असा माणूस गुंदात अजून जन्मायचा होता. आधी बाजाराला निघालेल्या बायांनी ती वाजवली, मग गुराख्यांनी. थोड्याच दिवसांत तिला जास्वंद वाहिली गेली आणि अमावास्येला कुणीतरी नारळही फोडला. येसाजीनं हे थांबवायला हवं होतं. पण नारळाची एक कवड आपल्याकडे राहते हे कळल्यावर त्याला गावाची श्रद्धा मोडवेना. तो कपाळाला गंध लावून घंटेखाली बसू लागला, आणि लोकांच्या तेलावर तिथं दिवसभर पणती तेवू लागली.

वखारीला लागूनच त्याचं गवतानं शाकारलेलं घर होतं. त्याच्या बायकोनं, केशरनं, स्वतः माती तुडवून त्या भिंती घातल्या होत्या. माळ्यावर पुढच्या पेरणीच्या भाताचे मुडे पेंढ्यात बांधून ठेवलेले. ती रोज म्हणायची, "ही घंटी आगीची हाय न्हवं? उद्या खरंच पेटलं तर कोण यील?"

"घंटी वाजली की अख्खा गाव हात जोडतोय," येसाजी म्हणायचा, "आनि तू इचारतीस कोण यील."

तपासनीस आला. खुद्द साहेब घंटा वाजवणार म्हटल्यावर गाव न्हाऊनधुऊन, नारळ घेऊन हजर झाला. कळशी एकाच्याही हातात नव्हती. पण साहेबाला त्याचं काय? चकचकीत घंटेत स्वतःचं तोंड दिसलं, गळ्यात हार पडला. 'लोकांची तत्परता वाखाणण्याजोगी', असा शेरा मारून तो गेला.

फाल्गुनातल्या एका दुपारी वारा सुटला. पणती कलंडली, वाळका पाला पेटला. वखारीवर कौलं होती, तिथं आगीचं काही चालेना, म्हणून ती येसाजीच्या छपराला लागली. येसाजीनं घंटा बडवली, थेट शेवटच्या घरापर्यंत आवाज जाईल अशी. कुणी आलं नाही. केशरनं म्हैस बाहेर हाकलली आणि मुड्यांसाठी पुन्हा आत शिरली. तेव्हा कुठं येसाजीनं घंटेचा दोर सोडला आणि केशरला ओढून काढलं. तिचे हात कोपरापर्यंत भाजले. घर आणि बियाणं, दोन्ही गेलं.

चौकशीला तोच तपासनीस आला. वखार शाबूत, घंटा शाबूत. येसाजीचं घर वखारीत धरलेलं नव्हतं, त्यामुळं नुकसान काहीच नाही. येसाजीची पाठ थोपटून झाली. आता फक्त आवाज पोचला की नाही याची साक्ष हवी होती. गावातलं शेवटचं घर परशूचं, म्हणून त्याला बोलावलं.

"घंटा ऐकू आली?"

"आली की, सायेब."

साहेबाचं काम झालं, तो उठला. परशू मात्र हातांना केळीची पानं बांधून बसलेल्या केशरकडं वळला. तो भला माणूस, खोटं कधी बोलला नाही, म्हणून तर माझा जीव अजून चडफडतो.

"लई येळ वाजत हुती, वहिनी," तो म्हणाला. "म्या शेतातनंच हात जोडलं. म्हटलं, देवा, येसाजीचं घर सुखात ठेव."