एकाने खडू खाल्ला, पुरे झालं

माझ्या बाबांनी आमच्या तालुक्याच्या गावातल्या हायस्कुलात जन्मभर गणित शिकवलं. पहाटे शिकवण्या, दिवसभर शाळा, संध्याकाळी पुन्हा शिकवण्या. ओरडून ओरडून शेवटी घशात गाठी झाल्या, ऑपरेशन झालं, आणि तेव्हा जो आवाज घोगरा झाला तो कायमचाच. बारावीनंतर मी म्हणालो, बी.एस्सी. करतो, मग बी.एड. करतो, तर त्यांचा घास हातातच राहिला. "या घरात एकाने खडू खाल्ला, पुरे झालं," म्हणाले. विषय संपला. आमच्याकडे विषय असेच संपायचे.

मग मी बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं नाही. पुण्यात एका कंपनीत चिकटलो. तिथे आम्ही कधीही न पाहिलेल्या परदेशी म्हाताऱ्यांच्या पेन्शनचे हिशोब करायचो. मी ते बरे करत असेन, कारण तिथून मला आयर्लंडला उचललं आणि डब्लिनच्या सँट्री भागातल्या एका ऑफिसात मी पेन्शन सल्लागार होऊन बसलो. आईने अख्ख्या आळीला सांगितलं, "आमचा कन्सल्टंट झाला." म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर पहिले काही महिने मलाही नव्हतं.

काम वाईट नव्हतं, उगाच कशाला खोटं बोलू. माणसं सभ्य, चहा फुकट, खिडकीतून उतरणारी विमानं दिसायची. पण त्या धंद्यात सरळ वाक्य बोलायची सोयच नाही. प्रत्येक वाक्याला शेपूट लावायचं. असं होऊ शकेल, परंतु तसंही होऊ शकेल, आणि काहीच झालं नाही तर आम्ही जबाबदार नाही. हे इतकं अंगात भिनलं की एकदा बायकोने विचारलं, "भाजीत मीठ बरोबर आहे ना?" तर मी म्हणालो, "सध्या तरी बरोबर वाटतंय." तिने डाव आपटला. "हो म्हण नाहीतर नाही म्हण," म्हणाली, "आणि तेवढं जमत नसेल तर जेवू नकोस!"

एकच दिवस मला आवडायचा. वर्षातून दोनतीनदा कुठल्यातरी कारखान्यात जाऊन तिथल्या कामगारांना त्यांची पेन्शन समजावून सांगायची असे. असाच एकदा ॲथलोनला गेलो होतो. कॅन्टीनमध्ये पन्नासएक माणसं सँडविच खात बसलेली, कोणाचं लक्ष नाही. मी आणलेल्या स्लाइडा बंद केल्या, तिथला पांढरा फळा ओढला आणि मार्कर घेऊन सुरू झालो. थोड्या वेळाने सँडविच खाली ठेवले गेले. पुढच्या टेबलावरच्या एक बाई अचानक म्हणाल्या, "हां! आता कळलं!" आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला गाडीत बसल्यावरसुद्धा तोच दिसत होता. घर येईपर्यंत मी एकटाच हसत होतो.

घरी येऊन ते सांगितलं, तर बायको लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "मग हो की मास्तर." मी म्हणालो, वेडी आहेस का. ती आयटीत, तिथे सगळ्याचा सोक्षमोक्ष दोन मिनिटांत लागतो. "दोन वर्षांचा कोर्स आहे, मी बघून ठेवलाय. दोन वर्षं घर मी ओढते. पण रोज सकाळी तुझं ते मेल्यासारखं तोंड बघणं आता बास झालं." बायको अशी मिळावी, दुसरं काय म्हणू. चाळिशीला टेकलेला मी दप्तर घेऊन पुन्हा कॉलेजात जाऊ लागलो.

आता प्रश्न एकच होता. बाबांना सांगायचं कोणी?

ज्या माणसाने स्वतःचा घसा फोडून मला त्या घशाच्या धंद्यातून बाहेर काढलं, त्याला फोनवर कसं सांगू की बाबा, मी उलटा फिरलो? तुमच्या शिकवण्या, तुमचं ऑपरेशन, सगळं पाण्यात घातलं? मी म्हटलं, आधी पास तर होऊ दे. पास झालो. म्हटलं, आधी नोकरी तर लागू दे. लागली, तीही आम्ही राहतो त्या नावन गावातच, घरापासून चालत जाता येईल अशा शाळेत. मग म्हटलं, आधी जरा रुळू दे. आजचं मरण उद्यावर, असं करत तीन वर्षं गेली. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबा विचारायचे, "काम कसं चाललंय?" आणि मी म्हणायचो, "ग्रँड." या देशात सगळंच ग्रँड असतं. पाऊस पडला तरी ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड. त्या एका शब्दाच्या आड माणूस आरामात लपतो.

खरा धोका आमच्या कन्येचा होता. नऊ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत, तेही अस्सल नावनच्या हेलात. तिने आजीला फोनवर दोनदा तरी उत्साहाने सांगून टाकलं की डॅडी आता टीचर आहे. मी फोनकडे धावलो. पण आईला तो हेल काही झेपला नाही. "हो गं माझी बाय, जेवलीस का?" एवढंच ती म्हणाली. देवाला नारळ फोडायचा बाकी ठेवला मी.

शाळेतला पहिला दिवस मात्र विसरणार नाही. दुसऱ्या वर्षाचा वर्ग, म्हणजे आपली आठवी, तेराचौदा वर्षांची पोरं. मी आत गेलो आणि दारापाशी थांबलो. कशासाठी, तर वर्ग उभा राहील म्हणून! आपल्याकडे सर आत आले की बाकं खडखडतात, सगळे एका सुरात नमस्ते म्हणतात. मी वाट बघतोय, पोरं माझ्याकडे बघतायत, कोणी ढिम्म हलेना. शेवटी एकाने कळवळून विचारलं, "सर, रस्ता चुकलात का?" वर्ग फुटला. मीही हसलो, आणि तिथेच चुकलो, कारण नंतर तो वर्ग काही केल्या गप्प होईना. मग मी ओरडू लागलो. सोमवारी ओरडलो, मंगळवारी ओरडलो, शुक्रवारपर्यंत घसा पार बसला. पण शेवटच्या तासाला मागच्या बाकावरच्या एका पोरीने समीकरण सोडवलं आणि माझ्याकडे बघितलं. तोच ॲथलोनचा उजळलेला चेहरा. घरी जाताना घसा दुखत होता आणि मी शीळ घालत होतो. सँट्रीत एवढ्या वर्षांत मला एकदाही शीळ घालावीशी वाटली नव्हती.

त्या रविवारी बाबा म्हणाले, "आवाज का बसलाय?"

"थंडी, बाबा. इथली हवा."

"हं," म्हणाले.

महिन्याभराने पुण्याहून येणाऱ्या कोणाबरोबर तरी एक पुडकं आलं. आईचं मेतकूट, लसणीची चटणी आणि ज्येष्ठमधाच्या कांड्या. सर्दीवर औषध म्हणून पाठवल्या असतील, असं समजून मी त्या स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये टाकल्या. आमच्या घरात कपाटाला आता इथल्या लोकांसारखं प्रेसच म्हणतात, मुलीने लावलेली सवय. नाताळानंतर अजून एक पुडकं आलं, त्यातही ज्येष्ठमध. मार्चमध्ये पुन्हा. बायको म्हणाली, "दुकान टाकायचंय का आपल्याला?"

मे महिन्यात आईबाबा आले. तिकडे उन्हाळ्याने जीव नकोसा झालेला, आणि इथे शाळा अजून चालू. मी सकाळी कोट घालून निघायचो, "ऑफिस जवळच आलंय आता," असं पुटपुटायचो आणि चारला घरी हजर. आई खूश. "किती लवकर सोडतात रे तुम्हाला!" बाबा पेपर वाचल्यासारखं करायचे. इंग्रजी पेपर, तोही परवाचा. मी ठरवलं, शनिवारी सांगायचं, म्हणजे सांगायचंच. शुक्रवारी रात्री वाक्यं जुळवत जागा राहिलो. लग्नाच्या आदल्या रात्रीही राहिलो नव्हतो एवढा.

शनिवारी बाबांना घेऊन कांदे आणायला निघालो. मुख्य रस्त्याला लागलो, "बाबा, एक सांगायचं होतं," असं म्हणायला तोंड उघडलं, आणि पलीकडच्या फुटपाथवरून आरोळी आली.

"सर! हाऊया, सर!"

या देशात साहेबालासुद्धा नावाने हाक मारतात. सर म्हणून हाक फक्त एकाच माणसाला मारतात, शाळेतल्या मास्तराला. पण गंमत ऐका. माझ्याआधी बाबांनी वळून पाहिलं! निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, घरापासून समुद्रापार आले, तरी "सर" म्हटल्यावर त्यांची मान आपोआप वळली. पलीकडे माझ्या वर्गातल्या तीन पोरी चिप्स खात उभ्या होत्या आणि हात हलवत होत्या. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुला हाक मारतायत," बाबा म्हणाले. "ओ दे की."

मी हात वर केला. पोरी खिदळत निघून गेल्या. मी तिथेच उभा, शिक्षा झाल्यासारखा. म्हटलं, आता काय ते होऊन जाऊ दे.

"बाबा, मी ती नोकरी..."

"माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"तुझ्या घशाने." ते चालायला लागले, मी मागोमाग. "सप्टेंबरात शाळा सुरू होतात ना इथे? सप्टेंबरात तुझा आवाज बसला. रविवारी ऐकला मी. थंडीने बसलेला आवाज निराळा आणि पोरांनी बसवलेला निराळा. एवढी वर्षं मला काय दुसरं काम होतं? ऑफिसात घसा बसतो का रे कधी? ज्येष्ठमध मी सर्दीसाठी पाठवलं होतं होय, गाढवा!"

हुश्श! काय सांगू, रस्त्यावरच बसून घ्यावंसं वाटलं. तीन वर्षं जे ओझं वाहत होतो ते या माणसाने आधीच उचलून ठेवलं होतं, आणि मी मोकळे हात घेऊन वाकून चालत होतो. हसू आलं आणि डोळेही भरले, दोन्ही एकदम. जरा राग पण आला.

"मग बोलला का नाहीत इतके दिवस?"

"मी कशाला बोलू? उत्तर तुझ्या तोंडून यायला हवं होतं. फळ्यापाशी पोरगा अडला तर मास्तराने थांबायचं असतं. आपणच उत्तर सांगितलं तर तो काय शिकणार?"

"पण तुम्हीच म्हणाला होतात. एकाने खडू खाल्ला, पुरे झालं."

बाबा थांबले. एका दुकानाच्या काचेत बघत म्हणाले, "घशाचं म्हणालो होतो रे. ऑपरेशनच्या आधी महिनाभर मला पाटीवर लिहून बोलावं लागलं होतं. तेव्हा तू लहान होतास, तुला काय आठवणार. ते तुझ्या वाट्याला येऊ नये एवढंच. शिकवणं वाईट असं मी कधी म्हणालो?"

खरंच, कधी म्हणाले नव्हते.

"इथे खडू नसतो, बाबा," मी म्हणालो. "मार्कर असतो."

"मग घसा कशाने बसतो?"

"पोरांनी."

यावर बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि शेजारून जाणाऱ्या एका आजोबांनी थांबून विचारलं, ते ठीक आहेत ना. ग्रँड, ग्रँड, मी सांगितलं. कांदे आणायचे राहिलेच. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मला काय, चारला घरी येतोस ना? मग झालं." बायकोने कपाळाला हात लावला.

रविवारभर बाबांनी माझा वर्ग घेतला. आवाज गळ्यातून नको, पोटातून. ओरडायचं नाही, उलट खाली आणायचा. आणि वर्गात गेल्या गेल्या काही बोलायचं नाही, नुसतं उभं राहायचं. "गप्प उभ्या माणसाकडे पोरं बघतातच," म्हणाले. "याला झालंय तरी काय, हे त्यांना कळल्याशिवाय राहवत नाही."

सोमवारी मी निघालो तेव्हा ते आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे होते. प्रेसमधून काढलेली ज्येष्ठमधाची एक कांडी त्यांनी माझ्या कोटाच्या खिशात घातली. ते शाळेला निघताना आई त्यांच्या खिशात रोज घालायची, तशी. मग दार उघडून धरलं.

"निघा सर," म्हणाले. "घंटा चुकायची."

पहिला तास दुसऱ्या वर्षाचाच होता. आत नेहमीचा गोंधळ. मी टेबलापाशी जाऊन उभा राहिलो, बाबांनी सांगितलं तसा, काही न बोलता. खिशातली कांडी बोटांनी चाचपत होतो, आणि कानात अजून बाबांचं "निघा सर" होतं. आधी पुढची रांग गप्प झाली, मग मधली, मग मागची. पुढच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "सर, यू ऑल राइट?"

"ग्रँड," मी म्हणालो. आवाज घोगरा आला, पण त्यात घशाचा काही दोष नव्हता.