गुळाचा खडा
गुळाची नवी ढेप फोडली की त्या वासाने मी अजून स्वयंपाकघराबाहेर जाते. मी कॉलेजात असताना एका मैत्रिणीने तिचा डेगू आमच्याकडे आणून ठेवला. खारीएवढा, शेपटीला झुबका असलेला प्राणी. जमलं तर पाळायचा, नाहीतर परत द्यायचा. "उंदीर कोण पाळतंय व्हय?" म्हणून वडील पहिल्या दिवशी केवढ्यांदा ओरडले! आणि आठवड्याभरात शिरोलीच्या फाउंड्रीतून आले की हातपाय धुऊन तेच पिंजऱ्यापाशी बसायला लागले, रोज एक गुळाचा खडा घेऊन. "पावणं हाय की! गूळ नको द्यायला?" मैत्रिणीला मी कळवलं, आता हा आमचाच. तीन महिन्यांत त्याचे डोळे दुधासारखे पांढरे झाले. डॉक्टर म्हणाले, याला गोड अजिबात चालत नाही, साखरेनेच आंधळा झालाय. त्या संध्याकाळी वडिलांनी रिकामा हात आत घातला. पावलं ओळखून तो धावत आला आणि त्यांच्या तळहातावर नाक घासत गूळ शोधत राहिला. वडिलांनी हात काढला नाही. पंधरा दिवसांत तो गेला. काल माझी लेक म्हणाली, "आई, आपण डेगू पाळूया?" मी नाही म्हटलं. प्राणी गुणी आहे गं, पण आमच्या घराला गूळ न देता माया करता येत नाही.