नसलेल्या चौथ्या मजल्यावरचे घर

एका घराची आठवण मला अजूनही येते, आणि त्या घरात मी एक रात्रही राहिलेले नाही. फिर्याद देणारी बाईसुद्धा तिथे राहिली नव्हती. तरी त्या घराची प्रत्येक खिडकी आम्हा दोघींना पाठ आहे.

मी तेव्हा विदर्भातल्या आर्णीच्या पोलीस ठाण्याची प्रभारी होते. उन्हाळा लागला होता. सकाळची हजेरी झाली, कोठडी पाहिली, स्टेशन डायरीवर सही केली, आणि बाहेर आले तर बाकावर एक बाई बसलेली. तिशीच्या पुढची, सोबत शाळकरी मुलगी आणि दीर. दीर सारखा उठबस करत होता. बाई मात्र भिंतीकडे पाहत शांत बसली होती, जणू त्या भिंतीत तिला काही दिसत होते. ठाण्यात येणारी माणसे रडतात, चिडतात, खोटे बोलतात. अशी कुठेतरी हरवलेली क्वचितच येतात.

हकिकत अशी होती. नवरा गाड्यांचा मिस्त्री. आर्णीतले त्याचे गॅरेज चालेनासे झाले, म्हणून पुण्याच्या एका कारखान्यात लागला. चार माणसांच्या खोलीत एक खाट त्याला मिळाली. तिथे बायको-मुलगी नेणे शक्य नव्हते. महिन्यामागून महिने दोघे फोनवर घर शोधत राहिले. परवडेल असे घर सापडले की घरमालक नाव विचारी. मुसलमान नाव ऐकले की घर 'कालच दिलं' असे. मग एके दिवशी एका दलालाने बाईला घराचा व्हिडिओ पाठवला. त्याने नाव विचारलेच नाही. "कधी येताय ताई राहायला?" एवढेच विचारले.

"त्यानं नाव नाही विचारलं म्हणूनच भरवसा आला, मॅडम," बाई म्हणाली.

आगाऊ रक्कम पाठवली. घरसामान टेम्पोत भरून मायलेकी आणि दीर पुण्याला गेले. नवरा सुटी काढून दिलेल्या पत्त्यावर उभा होता. इमारत खरी होती. चौकीदाराने विचारले, कोणता मजला? यांनी सांगितले, चौथा. तो म्हणाला, "अहो, ही तीनच मजल्यांची आहे."

"मी वर पाहूनच राह्यलती," बाई म्हणाली. "जिथं आमचं घर पायजे होतं तिथं आभाळ होतं. आन मॅडम, खरं सांगू? मले दिसत होतं ते. गॅलरी दिसत होती."

दीर वैतागला. "वहिनी, साहेबाईले कामाचं सांग ना. हिचं असंच हाय, मॅडम. घर मिळ्याच्या आधीच राहाले गेलती तिथं."

तो अतिशयोक्ती करत नव्हता. व्हिडिओ आल्यापासून या बाईने अंगणात खडूने ते घर आखले होते. हॉल, स्वयंपाकघर, आतली खोली, गॅलरी. मायलेकी संध्याकाळी त्यात फिरत. मुलगी रेघ ओलांडून गेली की आई म्हणे, "इकडून नको येऊ, तिथं भिंत हाय." फिर्याद लिहून घेणारे आमचे हवालदार लेखणी थांबवून म्हणाले, "बाई, तुमी राह्यल्या का तिथं?"

"नाही जी."

"मंग बटण दाराच्या मांगं हाय, हे कसं माहीत?"

"व्हिडिओत त्याचा हात जाते ना तिकडं."

गुन्हा दाखल केला. अशा गुन्ह्यांत पहिली वाट ठरलेली असते: फोन नंबर कोणाच्या नावावर, पैसे कोणत्या खात्यात. नंबर एका म्हाताऱ्या मजुराच्या नावावर निघाला, त्याला त्याचा पत्ताच नव्हता. खाते रिकामे झाले होते, खातेदार गावाबाहेर. पुण्याच्या ठाण्याशी बोलले. तिथल्या अधिकाऱ्याने सहकार्याचे आश्वासन दिले, पण व्हिडिओतले घर पुण्यात शोधणे म्हणजे काय, हे त्याला कळत होते आणि मलाही. बाईचा निरोप रोज येई. नवऱ्याने खोली सोडली होती, नवी मिळत नव्हती. शाळा सुरू व्हायच्या आत सोय झाली नाही तर तो नोकरी सोडून परत येणार होता. परत येऊन करणार काय, ते तिलाही माहीत नव्हते.

तो व्हिडिओ मी टेबलावर ठेवून पुन्हा पुन्हा पाहिला. साधा होता. दार उघडते, कोवळा पिवळा उजेड लादीवर पसरलेला, आवाज म्हणतो, "या ताई, तुमचंच घर समजा." मग खोल्या, ओटा, खिडकी, शेवटी गॅलरीचे दार. ते उघडले की सगळा पडदा पांढरा होतो आणि व्हिडिओ संपतो. बाहेर काय आहे ते दिसतच नाही. रिकाम्या घरात काहीतरी ओढ असते हे मला तेव्हा कळले. माझी सगळी नोकरी सरकारी क्वार्टरमध्ये गेली, घर निवडण्याची वेळ कधी आली नाही. तरी तिसऱ्यांदा पाहताना माझी खाट त्या आतल्या खोलीत खिडकीपाशी मनातल्या मनात लावून झाली होती. मग स्वतःवरच चिडून फोन बंद केला.

वळण आले ते आमच्या नव्या उपनिरीक्षकामुळे. पोरगा कोल्हापूरकडचा, विदर्भातला पहिलाच उन्हाळा, दिवसातून दोनदा डोक्यावर पाणी ओतून घ्यायचा. दुसऱ्या तपासावरून परत आला आणि माझ्यामागे उभे राहून त्याने व्हिडिओ पाहिला.

"मॅडम, हे घर पुण्यातलं कशावरून?"

"त्याने तसे सांगितले म्हणून."

"मग खिडकीबाहेर हा पिंजरा कसला?"

हवालदार हसले. "साहेब, कूलर ठेवाचा स्टँड हाय तो. तुमच्या खोलीले नाही का?"

"आहे की. म्हणून तर विचारतोय. परीक्षेच्या अभ्यासाला पुण्यात होतो तेव्हा खोल्याच बदलत होतो. कूलर बघितले, पण ते घरात, चाकांचे. खिडकीबाहेर भिंतीत पक्का बसवलेला एवढा मोठा पिंजरा एकाही घराला बघितला नाही. हे तुमच्याकडचं घर आहे."

आम्ही सगळ्यांनी तो स्टँड पाहिला होता. पोपटी रंगाचा, खिडकीएवढा, नजरेत भरणारा. पण आमच्याकडे खिडकी म्हटली की कूलर आलाच. घराला दार आहे याचे जसे कोणी आश्चर्य करत नाही, तसे आम्हाला त्याचे काही वाटले नाही. बाईला बोलावून विचारले तर ती म्हणाली, "मले तं बरंच वाटलं, जी. म्हटलं, कूलरची सोय हाय, पोरीले झोप लागन."

घर विदर्भातले. पण विदर्भ लहान नाही. मी बाईला समोर बसवले आणि म्हटले, "तू या घरात आमच्यापेक्षा जास्त राहिली आहेस. डोळे मिट आणि सांग, तिथे काय काय ऐकू येते?"

तिने खरोखर डोळे मिटले. "त्याच्या चपलाचा आवाज येते. मंग नळ सोडते तो. मंग लांबून भोंगा वाजते. ह्यांच्या कारखान्याचाच असन, असं मले वाटे. म्हटलं, घर नोकरीजवळ हाय. भोंगा झाला की जेवाले वाढाचं."

"आणि भोंग्यानंतर?"

"खिडकीचे काच वाजते. थरथर. हवेनं असन."

मी व्हिडिओ लावला. भोंगा होता, आम्ही त्याला रस्त्यावरचा गोंगाट समजलो होतो. थोड्या वेळाने काचा थरथरल्या, पण बाजूच्या खिळ्यावर राहून गेलेला जुना टॉवेल हललाही नव्हता. मी काही वर्षे आमच्याच जिल्ह्यातल्या वणीत काढली आहेत. तिथे कोळशाच्या उघड्या खाणीत सुरुंग उडवण्याआधी भोंगा वाजवतात. मग जमीन किंचित हलते आणि आसपासच्या घरांच्या काचा वाजतात. नवा माणूस दचकतो, जुना चहा पीत राहतो.

दुसऱ्या दिवशी मी आणि उपनिरीक्षक साध्या कपड्यांत वणीला गेलो. तिथल्या ठाण्यात नोंद केली, त्यांचा एक शिपाई घेतला आणि खाणीकडच्या नव्या लेआउटमधून, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीतून, पायी फिरलो. पोपटी स्टँड रस्त्यावरूनच दिसला. घर पहिल्या मजल्यावरचे. मालकीण खाली राहणारी, जाड भिंगांचा चष्मा लावलेली बाई. तिला काहीच ठाऊक नव्हते.

"किरायदार आणतो म्हणून एक दलाल चाबी घेऊन गेलता. माणसं काही आणली नाही मेल्यानं."

तिच्याकडे दुसरी चावी होती. फिर्यादीला मी आर्णीहून बोलावून घेतले, घर ओळखण्याचा पंचनामा करायचा होता. दोन पंच, उपनिरीक्षक, मी. दार उघडले. बाईने चपला बाहेर काढल्या. आत पाऊल टाकले आणि न पाहता दारामागे हात नेऊन बटण दाबले. मग ती चालत गेली, हॉलमधून ओट्याकडे, ओट्यावरून तळहात फिरवत आतल्या खोलीत, एकदाही न अडखळता. आम्ही तिच्यामागून गेलो, पाहुणे असल्यासारखे. पंचांपैकी एक माझ्या कानात म्हणाला, "घर हिचंच हाय का?"

गॅलरीच्या दारापाशी ती थांबली. शेवटी तिने कडी काढली. बाहेर दूरवर कोळशाच्या ट्रकांची रांग होती आणि कठड्यावर काळी धूळ. तेवढ्यात भोंगा झाला. काचा वाजल्या. ती बाहेर पाहत हसली. "हाव, मॅडम. जेवाले वाढाची वेळ झाली."

मालकिणीने आमच्या सांगण्यावरून दलालाला फोन केला: पुण्याहून बदलून आलेली एक बाई घर पाहायला आली आहे. ती बाई मी. फिर्यादी स्वयंपाकघरात दाराआड. तासाभरात तो आला. नीटनेटका, गोड बोलणारा. मला त्याने घर दाखवले आणि मला मान्य केले पाहिजे, सुंदर दाखवले. चोर मी पुष्कळ पाहिले, पण आपल्या कामावर इतका जीव असलेला विरळा.

"या ताई, तुमचंच घर समजा. इथं सोफा. सकाळचं ऊन इथून आत येतं, पार देवघरापर्यंत. तुम्ही चहा घेऊन इथं बसणार..."

"आन पोरगी इथं अभ्यासाले बसन," आतून आवाज आला. बाई दारात उभी होती. "मले तं असंच सांगतलं होतं. पुढचं बोल ना. 'ताई, इथून रात्री शहराचे दिवे दिसतात.' ते नाही सांगत का आज?"

त्याचा चेहरा उतरला. पुण्याची भाषाही उतरली. "मी नाही वळखत हिले, मॅडम. आईशप्पथ!"

आवाज ओळखला म्हणून गुन्हा सिद्ध होत नाही. ठाण्यात आणल्यावर तो पहिले काही तास व्हिडिओ कोणीतरी चोरला हीच कथा सांगत राहिला. मी ओरडले नाही. ओरडल्याने माणूस गप्प बसतो, हा माझा अनुभव. ज्याला बोलण्याचा अभिमान आहे त्याला बोलू द्यावे. मी म्हटले, "घर छान दाखवतोस. माझ्या मनात खाट लागून गेली होती."

तो खुलला. "असं हाय, मॅडम. मी कोणाले खराब घर नाही दाखवलं कधी. हेच घर वणीचं म्हणून दाखवा, लोक पंखे मोजते, नळ पाहते, किरायावरून भांडते. पुण्याचं म्हणून दाखवा, कोणी काहीच विचारत नाही. डोळे मिटून हो म्हणते."

"किती जणांना दाखवलेस?"

आपण कबुली देऊन बसलो हे त्याला आता कळले, पण उशीर झाला होता. दुसरा मोबाईल त्याच्या घरातल्या गव्हाच्या कोठीत सापडला. त्यात आणखी अशा बायांचे आवाजी निरोप होते, दर्यापूरच्या, पुसदच्या, घरात काय कुठे ठेवायचे ते विचारणाऱ्या. खातेदार साथीदारही धरला. दोषारोपपत्र वेळेत गेले. बाईची रक्कम कोर्टाच्या वाटेने परत मिळाली, त्या वाटेला जितका वेळ लागतो तितक्या वेळाने.

पंचनाम्याच्या दिवशी, सह्या झाल्यावर, मालकीण फिर्यादीला म्हणाली होती, "बाई, तुले एवढं आवडलं तं राह्य ना इथंच. त्यानं सांगतलं त्याच्या निम्म्या किरायात देतो. नाव काय तुझं?" बाईने नाव सांगितले. मालकीण म्हणाली, "बरं. मटण शिजवलं तं खिडकी उघडी ठेवजो, मले वास आवडते."

मला वाटले, प्रश्न सुटला. वणीत ट्रक आहेत, मिस्त्रीला काम मिळेल. बाईने पुन्हा एकदा घरभर पाहिले, आणि मान हलवली. "माणूस तिकडं, घर इकडं. त्याची पक्की नोकरी हाय, मावशी. घर पाहाले भेटलं, झालं माझं." तिने गॅलरीचे दार लावले, कडी नीट बसली का ते पाहिले, आणि चपला घातल्या.

शाळा सुरू होण्याआधी ती मुलीला घेऊन पुण्याला गेली आणि नवऱ्याबरोबर गल्लोगल्ली पायी फिरली. प्रत्येक दार ठोठावले, नाव आधी सांगितले, घर नंतर विचारले. नकार दारातच मिळत, पण तोंडावर मिळत.

या गुन्ह्याने मला कामाच्या दोन गोष्टी शिकवल्या. जे रोज डोळ्यांसमोर असते ते तपासात बाहेरच्या माणसाकडून एकदा पाहून घ्यावे. आणि फसलेल्या माणसाला भोळा म्हणून मोडीत काढू नये. त्या बाईचे स्वप्न तिच्या फसवणुकीचे कारण होते हे खरे, पण त्या स्वप्नात तिने जे जे ऐकले आणि पाहिले त्यावरच माझा तपास उभा राहिला. भाड्याचे घर शोधणाऱ्यांना मी आता एवढेच सांगते: स्वप्न पाहा, पण पैसे देण्याआधी त्या घराच्या दारात स्वतः उभे राहा. ज्यांना भाडे परवडत नाही आणि नावही आडवे येते, त्यांना हा सल्ला पाळणे किती अवघड आहे, तेही मला माहीत आहे.

काही आठवड्यांनी तिचा व्हिडिओ कॉल आला. दोन खोल्या मिळाल्या होत्या. तिने फिरून दाखवल्या. भिंतीला ओल, ओटा अरुंद, गॅलरी नाहीच. खिडकी गल्लीवर उघडणारी.

"उजेड कमी आहे गं," मी म्हटले.

"हाय ना कमी. थांबा मॅडम, फोन नका ठेवू. वेळ झाली."

तिने फोन खिडकीकडे वळवला. गल्लीच्या तोंडाशी एक माणूस वळला, हातात रिकामा डबा. चालता चालता त्याने वर पाहिले आणि हात हलवला. तो हात मला नव्हता. मी फोन ठेवला.