शिगेनोबाईंनी शंख दिला

डोंगराच्या पायथ्याच्या आमच्या तोगाव खेड्यात कुणालाही विचारा, शिगेनोबाईंच्या पायांपुढं आणि तोंडापुढं आजवर कुणाचं काही चाललेलं नाही. वय बहात्तर. नवरा गेला तेव्हा घरात यात्रेकरूंच्या उतरण्याच्या चार खोल्या आणि एक शंख, एवढंच मागं राहिलं. त्या शंखाच्या जोरावर बाईंनी एकेचाळीस वर्षं माणसं सकाळी डोंगरावर नेली आणि दिवस मावळायच्या आत धडधाकट खाली आणली. कोण बुटाची नाडी कशी बांधतो ते पाहून त्या सांगायच्या, हा गडी तिसऱ्या वळणावर बसणार. आणि तो बसायचाच.

आमच्या डोंगराचा नियम साधा आहे. पांढरे कपडे चढवून निघालेला माणूस त्या दिवसापुरता मेला. मेलेल्याला ना हुद्दा, ना सासू, ना सून. शंख ज्याच्या गळ्यात तो पुढं. तो सांगेल त्याला मागच्यांनी एकच उत्तर द्यायचं, ‘उकेतामो’, म्हणजे मान्य. का, कशाला, अजून किती राहिलं, हे विचारायचं नाही. शहरातल्या साहेबलोकांच्या घशात तो शब्द पहिला तासभर अडकतो. बाई तो काढून घ्यायच्याच. एका मंत्र्याचा मेहुणा आला होता, त्यालाही त्यांनी सोडलं नाही.

तर त्या दिवशी बर्फाआधीची शेवटची फेरी होती. बाईंचा उजवा गुडघा उन्हाळ्यापासून कुरकुरत होता आणि पुढच्या वर्षी वर जाणं होणार नाही हे त्यांना कळून चुकलं होतं. त्यांना एकदाच माथ्यावरच्या देवळापुढं उभं राहायचं होतं. दोन टाळ्या वाजवून देवाला तोंडानं सांगायचं होतं की आता येणं नाही. एकेचाळीस वर्षांचा शेजार, न सांगता कसा मोडायचा? पण हे घरात कुणापाशी बोलण्याची सोय नव्हती, लगेच सगळ्यांनी अंथरूण दाखवलं असतं.

पुढं चाललं तर लंगडणं सगळ्यांना दिसणार. म्हणून बाईंनी एक शक्कल लढवली. सकाळी अंगणात त्यांनी शंख काढून सुनेच्या गळ्यात घातला. ही मित्सुए चौदा वर्षं सासूच्या मागून डोंगर चढत होती. कामाला वाघ, पण तिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढणं. बाई तिला म्हणाल्या, आज तू पुढं हो, शिकशील तरी. आणि स्वतः शेपटाला जाऊन उभ्या राहिल्या. स्वतःच्या हुशारीवर इतक्या खूष होत्या की पहिल्या शंभर पायऱ्या गुडघा दुखलाच नाही.

बरोबर चौघं होती. त्यात सेंदाईच्या बँकेतले हिरानुमासाहेब सारखे विचारत, एकूण पायऱ्या किती? बाई मागून काठीचं टोक त्यांच्या पोटरीला लावत. झऱ्यापाशी मित्सुएनं फारच लवकर थांबवलं तेव्हा बाईंच्या ओठावर आलंच होतं, ही काय थांबायची जागा आहे? मग त्यांचं लक्ष गेलं. चौघांतल्या एका पोरीचे ओठ पांढरे पडले होते. सुनेला ते मागं वळून न बघता कळलं होतं. बाई मुकाट्यानं पाणी प्यायल्या.

निम्म्या वाटेवर बुद्धमंदिर आहे. त्याच्या अलीकडं ओल्या मुळावर गुडघा दगा देऊन गेला आणि बाई मटकन खाली बसल्या. झटकन उठल्या, कपडे झाडले, इकडंतिकडं पाहिलं. कुणी पाहिलं नव्हतं म्हणे.

मंदिरात उदबत्त्या लावून झाल्या, आंबट आलुबुखार घातलेले भाताचे गोळे खाऊन झाले. पुढं साखळ्या धरून चढायचा कडा. मित्सुए उठली आणि सरळ सासूसमोर येऊन उभी राहिली. चौदा वर्षांत तिनं ‘आई’शिवाय हाक मारली नव्हती, आज परक्या यात्रेकरूला मारतात तशी नावाला ‘सान’ लावून मारली.

“शिगेनो-सान, तुम्ही इथं थांबा. आम्ही उतरेपर्यंत.”

बाईंच्या जिभेवर एकदम वीस उत्तरं आली. तोंड उघडलंसुद्धा. हिरानुमासाहेब वळून बघत होते. सकाळपासून पोटरीवर टोचून घेतलेला माणूस, बघणारच. शंख सुनेच्या गळ्यात होता आणि तो घातला कुणी? आपणच.

“उकेतामो,” शिगेनोबाई म्हणाल्या.

माणसं वर गेली आणि बाई मंदिराच्या ओसरीवर बसून पोटभर रडल्या. मंदिरातल्या म्हाताऱ्या भिक्षूंनी शेजारी चहा ठेवला आणि ते आत गेले. तासाभरानं वरून शंखाचा आवाज आला. बाई उठल्या, माथ्याकडं तोंड करून वाकल्या आणि दोन खणखणीत टाळ्या वाजवल्या. आता बुद्धमंदिरात टाळ्या वाजवत नाहीत, नुसते हात जोडतात. या चुकीसाठी याच बाईंनी शेकडो माणसांना झापलं होतं. आतून भिक्षू म्हणाले, आज वारा फार, काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

सगळे अंगणात परतले तेव्हा उजेड होता, अंगावरचे पांढरे कपडे अजून उतरले नव्हते. मित्सुएनं दोन्ही हातांनी शंख सासूपुढं धरला. डोळे लाल झाले होते तिचे. बाईंनी तो आधी स्वतःच्या गळ्यात घातला, नीट बसवला.

“आजपासून हा तुझा. डोंगर तू सांभाळ.”

“पण आई, तुम्ही...”

बाईंनी काठी आपटली. मित्सुए हळूच म्हणाली, “उकेतामो.” मग बाईंनी शंख काढला आणि सुनेच्या गळ्यात घातला. अशी बाई आहे ती. पण घालून हात खाली येतोय न येतोय तोच त्यांना राहवेना.

“वर देवाला माझं काही सांगितलंस का गं?”

मित्सुएचे डोळे भरून आले आणि ओठ मात्र हसत होते.

“विचारायचं नाही, शिगेनो-सान.”