घर नंबर त्रेसष्ट

हे मी घरी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

शिरगणतीआधी घरांवर नंबर टाकायला मी पारनेर तालुक्यातल्या एका गावात होतो. माळावर कोंडाबाईंचं पाल (गोणपाटाचा तंबू) होतं. जात्या-पाट्यांना छिन्नीने टाकी लावत त्या गावोगाव फिरत. "मास्तर, आमालाबी नंबर टाका. नंबर असला की कुनी उठवत न्हाई." दारच नव्हतं, म्हणून मी चुलीजवळच्या पाट्यावर गेरूने ६३ काढला. दुसऱ्या दिवशी गावच्या पुढाऱ्याने दम दिला, आणि मी तो कोंडाबाईंच्यादेखत ओल्या फडक्याने पुसला. आठवड्यात पाल उठलं.

यंदाच्या दुष्काळी उन्हाळ्यात त्यांना शोधायला नगरहून एस.टी.ने पारनेर गाठलं. बाजारात कळलं, कोंडाबाई तलावाच्या कामावर खडी फोडतात. तीन कोस चाललो. विहिरींचे तळ दिसत होते. वाटेत वहाणेचा अंगठा तुटला.

"कोंडाबाई, ओळखलंत का?"

"तवा 'ए बाई' म्हनत हुता. आता कोंडाबाई झाले व्हय? बसा."

पाट्यावर मिरची वाटून त्यांनी भाकरी दिली. मग पाटा धुऊन उभा केला. मागच्या अंगाला टाकीने खोल कोरलेला ६३.

"गेरू तुमी पुसला, पन दगडानं थोडा पेला हुता. त्याच्यावरनंच टाकी मारली. चार गावांनी उठवलं. जाईन तितं आदी ह्यो पाटा ठिवते, मग चूल."

तेवढ्यात कामावरचा मुकादम आला. "बाई, सांजपत्तुर पाल हलीव."

"घराला नंबर हाय माज्या."

"पाट्याला नंबर? कुनी दिला गं?"

त्या माझ्याकडे बघेनात. "मी दिला," मी म्हणालो.

"गणतीच्या वहीत हाय का मग?"

मी भाकरी खाली ठेवली. "नाही. वहीत त्रेसष्टवर त्या पुढाऱ्याचा गोठा आहे. मीच लिहिला."

 कोंडाबाई मोठ्याने हसल्या. "माजं घर ढोरांना दिलं व्हय मास्तर! मग आता तर मी हलतच न्हाई." पाटा पालाच्या तोंडाशी आडवा टाकून त्या त्यावर बसल्या आणि हातोडा घेऊन खडी फोडू लागल्या. मुकादम थोडा वेळ उभा राहिला, मग गेला.

निघताना त्यांनी माझी वहाण सुतळीने बांधून दिली. "पारनेरपत्तुर टिकंल," म्हणाल्या. ती नगरपर्यंत टिकली.

वहीत त्रेसष्टसमोर अजून गोठाच आहे. तिथं कोंडाबाईंचं घर लिहायचं देणं मी अजून लागतो.