बाप्तिस्म्याच्या सकाळी

लेकीनं काल तिच्या बाळासाठी स्वतःचा बाप्तिस्म्याचा झगा मागितला, म्हणून मळमड्डीच्या घरातली जुनी ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांचा वास नाकात शिरला आणि तीस वर्षांपूर्वीची ती सकाळ समोर उभी राहिली.

तो झगा माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं शिवला होता. तिला मूलबाळ नव्हतं. माझ्या मुलीची धर्ममाता तीच होणार होती. चर्चच्या पायरीवर ती बाळाला छातीशी धरून उभी होती. तिच्या नव्या पातळाला खळीचा वास येत होता. आतून पाळकांनी बोलावलं, तेवढ्यात सासूबाई सगळ्यांसमोर कानडी-मराठीत म्हणाल्या, "बेड, बेड! नको, नको! जिची कूस उजवली नाही, तिच्या हातात माझी नात नको."

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. माझं हिच्या आधीचं, पहिलं बाळ महिन्याचं असतानाच वारलं होतं. मी घाबरले. तिच्या हातातून मी मुलगी काढून घेतली आणि नणंदेकडं दिली. तेव्हा मला ती आईची काळजी वाटली होती. आज वाटतं, सासूबाई नुसत्या बोलल्या. क्रूरपणा मी केला.

अक्का रागावली नाही. दुपारी पंगतीला तिनंच वाढलं. पण पुढं दोन वर्षांची माझी मुलगी "मावशी, घे" म्हणत तिच्याकडं धावली, तेव्हा तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"हात ओले आहेत गं माझे," ती म्हणाली.

मी तिच्या मागंच उभी होते. हात कोरडे होते.